प्रिंटची ओळ काढली की बग परत येतो!

प्रश्न : आमच्या प्रोग्रॅममध्ये दिवसातून दोन-तीनदा मोजणी एकाने कमी येते. हा बग, म्हणजे चूक, शोधायला म्हणून मध्ये एक प्रिंट (आकडे पडद्यावर दाखवणारी ओळ) टाकला, तर बग गायब. काढला की पुन्हा हजर. शेवटी वैतागून प्रिंट तसाच ठेवला आणि कोड पाठवून दिला. रिव्ह्यूमध्ये कुणी काही बोललं नाही. पण रात्री झोप लागत नाही. काय करू?

उत्तर : झोप लागत नाही ना, मग तुमचं अजून काही बिघडलेलं नाही. माझ्याही एका जुन्या प्रोग्रॅममध्ये असा प्रिंट होता आणि त्यावर कॉमेंट होती, ‘ही ओळ काढू नये’. का काढू नये ते लिहिलं नव्हतं. मलाच ठाऊक नव्हतं, तर लिहिणार काय?

या जातीला ‘हायझेनबग’ म्हणतात. हायझेनबर्ग या शास्त्रज्ञाच्या नावावरून केलेली कोटी आहे ती. बघायला गेलं की वागणं बदलतं, असा अर्थ. चमत्कार मात्र काही नाही. प्रिंटला वेळ लागतो, बऱ्याचदा त्याच्या आत एक लॉकही (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) असतं, त्यामुळे एकमेकांच्या पायात पाय घालणारे दोन थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमची एकाच वेळी चालणारी दोन कामं, आपोआप रांगेत येतात. मोजणी एकाने कमी येते म्हणताय, म्हणजे बहुतेक असं होतंय : पहिल्या थ्रेडने ४१ वाचले. तो एक मिळवून लिहिणार, तेवढ्यात दुसऱ्यानेही ४१च वाचले. दोघांनी ४२ लिहिले. वाढायला हवे होते दोन, वाढला एक. तुमच्या प्रिंटने ही फट बुजवलेली नाही, फक्त झाकली आहे. उद्या दुसऱ्या मशीनवर, वेगळ्या लोडमध्ये ती उघडी पडेल.

म्हणून उलटं करा. प्रिंट काढा, आणि वाचणं नि लिहिणं यांच्या मधोमध मुद्दाम १० मिलिसेकंदांचा स्लीप (नुसतं थांबायला लावणारी ओळ) घाला. दिवसातून दोनदा येणारा बग मिनिटामिनिटाला यायला लागेल. बॉसच्या देखत हे करू नका, त्यांना वाटेल तुम्ही वाढवताय. बग हुकमी आणता आला की मग वाचणं-लिहिणं दोन्हींभोवती एकच लॉक लावा, स्लीप तसाच ठेवून आकडे बरोबर येतात का बघा, आणि मगच स्लीप काढा. स्लीप काढायला विसरू नका. मी एकदा विसरले होते.

प्रश्न : कॉम्प्युटरमध्ये खरोखरचा पतंग किडा सापडला, म्हणून चुकीला ‘बग’ (इंग्रजीत किडा) म्हणतात. हे खरं का?

उत्तर : पतंग खरा, ‘म्हणून’ खोटं. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड मार्क २ या यंत्राच्या एफ पॅनेलमधल्या ७० क्रमांकाच्या रिलेत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये, पतंग सापडला. तो वहीत चिकटपट्टीने चिकटवून शेजारी नोंद केली, की बग प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच घटना. म्हणजे शब्द आधीच रुळलेला होता, नाहीतर या नोंदीत गंमत ती काय? एडिसनने १८७८ सालच्या एका पत्रातच यंत्रातल्या बारीकसारीक दोषांना ‘बग’ म्हटलं आहे. मला त्या मंडळींचा हेवा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा : त्यांना बग हाताने उचलून काढता आला.

प्रश्न : तासभर डोकं आपटतो. मग सहकाऱ्याला बोलावून, ‘हे बघ, इथून हे येतं, मग ते...’ म्हणेपर्यंत चूक माझी मलाच दिसते. तो हात हलवत निघून जातो. आता मी खुर्चीतून उठलो की लोक हेडफोन चढवतात. यावर उपाय?

उत्तर : टेबलावर प्लॅस्टिकचं बदक ठेवून त्याला सगळं समजावून सांगायचं, हा आपल्या धंद्यातला जुना उपाय. बदक हेडफोन लावत नाही. मला मात्र बदकाशी बोलायची लाज वाटते, म्हणून मी लिहिते. कोऱ्या फाइलमध्ये तीन वाक्यं : काय व्हायला हवं, काय होतंय, आणि कशाबद्दल माझी पक्की खात्री आहे. खरी मेख तिसऱ्यात असते. एकटे असलो की खात्रीच्या ओळीवरून आपण न बघता पुढे जातो. दुसऱ्याला सांगताना ती तोंडाने म्हणावी लागते.

आमच्या मराठी मजकुराच्या शोधात ‘किनाऱ्यावर’ हा शब्द टाकला की एकही नोंद येत नसे. नोंद तर डोळ्यांसमोर होती. मी शोधाची सूची, म्हणजे इंडेक्स, नव्याने बांधला, कॅश (तात्पुरता साठा) रिकामी केली, एका बिचाऱ्या लायब्ररीला, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडला, शिव्या घातल्या. दुपार गेली. मग फाइल उघडून तिसरं वाक्य लिहिलं, ‘दोन्हीकडे शब्द एकच आहे’, आणि हात थांबला. ते मी नुसतं पाहिलं होतं, तपासलं नव्हतं. दोन्ही शब्दांची लांबी, म्हणजे ते किती चिन्हांनी बनलेत ते, छापली. एक १०, दुसरा ११.

झालं असं, की ‘ऱ्य’मधला तो आडवा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला र, क्रमांक ०९३१, आणि त्याला हलन्त. दुसरी, साधा र, क्रमांक ०९३०, मग हलन्त, आणि मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं, अजिबात जागा न घेणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. नोंद टाकणाऱ्याच्या कीबोर्डने एक तऱ्हा उमटवली होती, माझ्या कीबोर्डने दुसरी. नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या तऱ्हा एकसारख्या करणं, केलं की मिटेल असं वाटलं. नाही मिटलं, त्याच्या लेखी हे दोन वेगळेच शब्द. शेवटी साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळी दुसरी तऱ्हा पहिलीत बदलणारी एक ओळ लिहिली.

घरी विचारलं, आज दिवसभर काय केलंस? म्हटलं, एक र बदलला. पुढे कुणी काही विचारलं नाही.