न्यूट्रिनोची सूचना आल्यावर काय करायचं
भाऊ, आइसक्यूब म्हणजे दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात न्यूट्रिनो (जवळपास सगळ्यातून आरपार जाणारे सूक्ष्म कण) टिपणारी वेधशाळा. तिची सूचना आली की लगेच दुर्बीण वळवू नको. आधी घटना कोणती ते पाह्य. बर्फातून जाणाऱ्या म्युऑन या कणाची लांब रेघ असली तर दिशा साधारण एका अंशात सापडते. गोळ्यासारखी असली तर दहा-पंधरा अंशांचा घोळ, त्यात हजारो दीर्घिका बसतात. पहिली दिशा आपोआप काढलेली असते, काही तासांनी सुधारित येते, तीच घे. ‘गोल्ड’, म्हणजे जास्त खात्रीच्या, सूचनांतही सरासरी निम्म्याच खरंच दूरच्या अवकाशातून आलेल्या न्यूट्रिनोच्या असतात.

मग जिथे स्रोत असण्याची शक्यता ९० टक्के त्या पट्ट्यात, फर्मी या गॅमा किरण टिपणाऱ्या उपग्रहाच्या यादीतला ब्लेझार (कृष्णविवराचा झोत आपल्याकडे रोखलेली दीर्घिका) शोध, त्याच वेळी तो भडकला होता का तपास. २०१७ मध्ये टीएक्सएस ०५०६+०५६ हा ब्लेझार असाच सापडला. उमेदवारांची यादी मात्र आधीच ठरव, नाहीतर योगायोगही पुरावा वाटतो.

एम७७ या दीर्घिकेकडून पार्श्वभूमीपेक्षा ७९ न्यूट्रिनो जास्त आल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं. डिसेंबरात गावच्या अंधारात ती सहा इंची दुर्बिणीतून दिसते, जरूर पाह्य.