इटरसाठी दिलेला पैसा नेमका कुठे जातो

तुमचा प्रश्न असा, की फ्यूजनची, म्हणजे हलकी अणुकेंद्रं एकत्र जोडून मिळणारी वीज ‘अजून तीस वर्षांनी’ हे आपण लहानपणापासून ऐकतोय. मग फ्रान्समध्ये अनेक देश मिळून उभारत असलेल्या इटर या फ्यूजन प्रकल्पात आपलं सरकार पैसा का घालतं? तेवढ्या पैशात सौर पंप बसले असते. मी दाबपात्रांच्या वेल्डिंगची तपासणी करण्यात नोकरीची वर्षं घालवली. इटरच्या कामावर मी नव्हतो, पण ते काम काय असतं ते मला कळतं, म्हणून लिहितो.

आधी कडू भाग. इटरमधून एक युनिटही वीज मिळणार नाही. 50 मेगावॉट उष्णता आत घालून 500 मेगावॉट बाहेर काढता येते का, हे पाहण्याचा तो प्रयोग आहे; त्याला टर्बाइनच जोडलेलं नाही. 2024 मध्ये जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकानुसार खरं इंधन, म्हणजे ड्युटेरियम-ट्रिटियम ही हायड्रोजनची जड रूपं, 2039 मध्ये वापरायचं आहे. यामुळे आपलं वीजबिल उतरेल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

आता पैशाचं. भारताचा वाटा साधारण 9 टक्के, आणि त्यातला बराचसा रोख जात नाही, वस्तूंच्या रूपात जातो. त्या वस्तू आपल्या कारखान्यांत बनतात. सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे क्रायोस्टॅट. आत 15 कोटी अंशांचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायू, आणि त्याला धरून ठेवणारी चुंबकं उणे 269 अंशांवर. ती तशीच थंड राहावीत म्हणून सगळ्याभोवती निर्वात ठेवणारा हा थर्मास. उंची 29 मीटर, रुंदीही जवळपास तेवढीच, वजन 3,800 टनांच्या वर. स्टेनलेस स्टीलचे भाग सुरतजवळ हजिऱ्याला एल अँड टीने बनवले, जहाजाने पाठवले आणि तिथे जोडले. 1,250 टनांचा तळ मे 2020 मध्ये खड्ड्यात उतरवला गेला.

यात अवघड काय, तर वेल्ड थंड होताना प्लेट ओढते. दोन मीटरच्या टाकीतही हा ताण सांभाळताना घाम फुटतो. इथे 29 मीटर रुंदीच्या पात्राला मोजमाप सोडायची परवानगी नाही, शिवाय निर्वातासाठी जोडातून सूक्ष्म गळतीही चालत नाही. कोणत्या क्रमाने जोडायचं, कुठे उलट्या बाजूने ताण द्यायचा, हे पुस्तकात नसतं. ते हाताला बसावं लागतं.

माझी काळजी वेगळीच आहे. हात बसतो, पण पुढचं काम आलं नाही तर चार-पाच वर्षांत सुटतोही. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या 1969 मध्ये अमेरिकेकडून तयार घेतल्या. 1974 च्या अणुचाचणीनंतर बाहेरची मदत आटली. तरी तिथेच 2005-06 मध्ये 540 मेगावॉटच्या दोन भट्ट्या आपण स्वतः उभ्या केल्या, कारण मधल्या काळात नरोरा, काकरापार, कैगा असं काम एकामागून एक चालू राहिलं होतं. माणसं रिकामी बसली नाहीत.

सौर पंप हवेतच, त्यांच्यासाठी भांडा, मीही तुमच्या बाजूने असेन. पण खासदारांना इटरबद्दल विचारायचं असेल, तर बसलेला हात सुटू नये म्हणून, आपल्याकडचं फ्यूजनचं काम करणाऱ्या गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेच्या पुढच्या यंत्राला मंजुरी कधी आणि किती पैशांची, हे विचारा.