21 लाखाची कॅम्परव्हॅन आणि दीड हजाराचं लॉज: लातूरच्या एका काकांना उत्तर

काका, तुमचं पत्र नीट वाचलं. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. काका लातूरचे, एसटीत 30 वर्षं ड्रायव्हर होते, 58 पूर्ण झाल्यावर आता रिटायर झालेत. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून 31 लाख हातात आलेत, पीएफची पेन्शन महिन्याला साडेचार हजार, घर स्वतःचं, चार एकर बटईनं दिलेलं त्याचे बरे वर्ष असेल तर 70 हजार येतात, घरखर्च महिन्याला 22 हजार. मुलीचं लग्न झालंय, मुलगा पुण्यात नोकरीला. काकूला शुगर आहे. आता काकांना ट्रॅव्हलर गाडीवर कॅम्परव्हॅन, म्हणजे आतच झोपायची, स्वयंपाकाची, संडासाची सोय असलेली गाडी, बांधून घ्यायचीय, एका वर्कशॉपनं गाडीसकट 21 लाखाचं कोटेशन दिलंय. हिशोब असा की कॅम्पग्राउंडला (अशी गाडी लावून मुक्काम करायची जागा) रात्रीचे पाचशे द्यायचे, लॉजचे दीड हजार वाचवायचे, मधल्या काळात गाडी भाड्यानं द्यायची, म्हणजे गाडीचे पैसे फिटतात. आणि खाली लिहिलंय की जन्मभर दुसऱ्यांना तुळजापूर-पंढरपूर दाखवलं, बायकोला कन्याकुमारी दाखवायची राहिली.

तर सरळ सांगतो. कन्याकुमारीला जा, याच हिवाळ्यात जा, त्यासाठी पैसे बाजूला काढूनच पुढचं गणित मांडलंय. पण ही गाडी आत्ता घेऊ नका.

तुमचाच हिशोब घेऊ. एका रात्रीला हजार रुपये वाचतात हे मान्य करू. आता गाडी नुसती दारात उभी राहिली तरी वर्षाला काय खाते ते बघा. 21 लाख सरकारच्या सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये ठेवले असते तर सध्याच्या 8.2 टक्क्यानं वर्षाला 1,72,200 व्याज आलं असतं, ते गेलं. समजा पाच वर्षांनी गाडी 11 लाखाला गेली (आतलं फर्निचर, सोलर, टॉयलेट याचे पैसे विकताना कोणी मोजून देत नाही, गाडीचे देतात) तर वर्षाला दोन लाख घसारा. इन्शुरन्स, टायर, सर्व्हिसिंग, बॅटरी धरून 60 हजार, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. झाले सव्वाचार लाखाच्या वर, 4,32,000 धरा. रात्रीला हजार वाचवून हे भरून काढायचे तर वर्षाला 432 रात्री गाडीत झोपावं लागेल आणि वर्षात रात्रीच 365 आहेत. डिझेल अजून यात नाहीच.

बरं, 365 पण सोडा. आपल्या भागातून निघणारा माणूस वर्षातून किती रात्री गाडीत काढू शकतो? मार्च ते मे आपल्याकडं ऊन 40-42 पर्यंत जातं, पत्र्याच्या गाडीत दुपारी बसवत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीवरच्या मोकळ्या जागेत गाडी लावली आणि रात्री पाऊस झाला तर सकाळी ट्रॅक्टर बोलवावा लागतो. राहिले नोव्हेंबर ते फेब्रुवारी, त्यात लग्नसराई, नातवंडं, बटईदाराकडून तुरीचा हिशोब. मी 60 रात्री धरतो आणि त्या पण भरपूर झाल्या. 4,32,000 भागिले 60 म्हणजे रात्रीला 7,200 रुपये, वर कॅम्पग्राउंडचे पाचशे. लॉज दीड हजाराचं.

एसी चालवू म्हणायलात, तर वर्कशॉपवाल्याला बॅटरी किती ते विचारा. 12 व्होल्टची 200 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण 2.4 युनिट वीज. छोटा एसी तासाला एक युनिटच्या जवळपास घेतो. म्हणजे दोन-सव्वादोन तासात बॅटरी संपली, फ्रिज आणि पंखे तसेच राहिले. रात्रभर एसी पाहिजे तर बाहेरून वायर जोडावी लागते, आणि ती जोडायला 16 अँपिअरचा पॉइंट, नीट अर्थिंग असलेला, कॅम्पवर पाहिजे. तंबूवाल्या कॅम्पवर बऱ्याच ठिकाणी एक बल्ब आणि मोबाइल चार्जिंगचा बोर्ड एवढंच असतं. टॉयलेटचं तसंच. कॅसेट टॉयलेटची टाकी 20 लिटरच्या आसपास असते, दोन माणसांना दोन-तीन दिवस पुरती, मग ती कुठंतरी चालू सेप्टिक टँक असलेल्या संडासात नेऊन रिकामी करावी लागते. रस्त्याच्या कडेला, नाल्यात नाही, तिथं कुणाची तरी विहीर असते. ही टाकी दर तिसऱ्या दिवशी कोण उचलणार हे काकूंशी आधी बोला, कारण हे काम कॅम्परव्हॅनच्या व्हिडिओत दाखवत नाहीत.

तुम्ही बघता ते अमेरिकेतले व्हिडिओ खोटे नाहीत, पण तिथली व्यवस्था वेगळी आहे. तिकडं कॅम्पग्राउंडवर गाडी उभी केली की वीज, पाणी आणि सांडपाण्याचा पाइप तिन्ही जागेवर जोडता येतात, नसेल तिथं टाकी रिकामी करायचं ठरलेलं ठिकाण असतं. बीएलएम या तिथल्या सरकारी जमीन खात्याच्या बऱ्याच मोकळ्या जमिनीवर 28 दिवसांत 14 दिवस फुकट राहता येतं, आणि 62 वर्षांवरच्या त्यांच्या नागरिकांना सीनियर पासवर सरकारी कॅम्पग्राउंडचं भाडं बऱ्याच ठिकाणी निम्मं लागतं. म्हणून तिथल्या म्हाताऱ्या जोडप्याला ते परवडतं. आपल्याकडं महाराष्ट्राचं कॅराव्हॅन (अशाच राहायच्या गाड्या) पर्यटन धोरण 2021 ला आलं, केरळचं पण त्याच वर्षी, तिकडं वागमोनला कॅराव्हॅन पार्क झालं, चांगली सुरुवात आहे. पण लातूरहून हैदराबाद, कर्नूल, मदुराई करत जाताना रोज संध्याकाळी असं ठिकाण मिळेल हे धरून चालू नका. बहुतेक रात्री पेट्रोल पंप, धाबा नाहीतर एखाद्या लॉजच्या आवारात जातील. गोव्यात तर पर्यटनाच्या जागी उघड्यावर चूल-गॅस पेटवून स्वयंपाक केला तर दंड आहे, बीचवर गाडी लावून भाकरी थापायचा विचार असेल तर तो सोडा.

आपल्या लोकांनी मुक्कामाची जी सोय पिढ्यान्‌पिढ्या करून ठेवलीय ती मला उलट जास्त मोलाची वाटते. नांदेडला सचखंडच्या यात्री निवासात राहा, लंगरमध्ये जेवा. शेगावचं भक्तनिवास किती स्वच्छ असतं हे एसटीवाल्याला सांगायला नको. औंढा, परळी, घृष्णेश्वर ही तीन ज्योतिर्लिंगं तर आपल्याच मराठवाड्यात आहेत, कन्याकुमारीच्या आधी तीच एकदा काकूंना घेऊन निवांत करा. अजिंठ्याला जायचं तर फर्दापूरला एमटीडीसीचं निवास आहे, फक्त अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी, तेवढं बघून निघा.

भाड्यानं द्यायचं म्हणायलात ते तर काढूनच टाका. पांढऱ्या पाटीवर, म्हणजे खाजगी नंबरप्लेटवर, भाडं मारता येत नाही हे मी तुम्हाला काय सांगावं. टुरिस्ट परमिट काढलं की टॅक्स, फिटनेस, इन्शुरन्स सगळंच बदलतं आणि मग तो धंदा झाला, रिटायरमेंट नाही राहिली. आणि कधीही असली गाडी बांधायची झालीच तर आरसीवर कॅम्पर व्हॅन म्हणून नोंद कोण करून देणार, एआयएस-124 या अशा गाड्यांच्या सरकारी मानकात गाडी बसते का, हे लेखी घ्या. आरसीवर एक आणि आत दुसरंच असेल तर क्लेमच्या वेळी इन्शुरन्स कंपनीच्या हातात आयतं कारण मिळतं. टोलचा वार्षिक पास पण फक्त खाजगी कार, जीप, व्हॅनला आहे, ट्रॅव्हलर कोणत्या वर्गात बसते ते आधी बघावं लागेल.

आता घराचं. हे मला सगळ्यात जास्त टोचतंय म्हणून सविस्तर लिहितो. गाडी घेतली तर 10 लाख राहतात. ते सगळे 8.2 टक्क्यानं ठेवले तरी महिन्याला 6,833, त्यात पेन्शन साडेचार हजार, झाले 11,333. खर्च 22 हजार. म्हणजे दर महिन्याला साडेदहा हजाराच्या वर खड्डा, तो शेतीतून भरायचा म्हणाल तर सोयाबीनचा हमीभाव 2025-26 ला 5,328 ठरला पण अडतीत काय मिळालं आणि 2025 च्या सप्टेंबरातल्या पावसानं किती पीक ठेवलं हे तुम्ही डोळ्यानं बघितलंय. पीएफच्या पेन्शनला महागाई भत्ता नाही, आज साडेचार हजार तर 75 व्या वर्षी पण साडेचारच. म्हणजे गाडीचं डिझेल आणि घरचं किराणा एकाच 10 लाखातून जाणार, आणि पाच-सात वर्षांनी, ज्या वयात दवाखाना सुरू होतो त्या वयात, शिल्लक काहीच नाही. मग मुलाकडं हात पसरायचा. तुम्ही 30 वर्षं कुणाकडं मागितलं नाही काका, पुढं पण मागायची वेळ येऊ नये.

गाडी नाही घेतली तर मी असं करीन. 24 लाख सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये, काकूंना जॉइंट घेऊन (जोडीदाराला वयाची अट नाही). तिमाहीला 49,200 येतात, म्हणजे महिन्याला 16,400, पेन्शन धरून 20,900. खर्चाला अकराशे कमी पडतात ते शेतीतून. हे तातडीनं करायचंय, कारण ही स्कीम तशी साठीनंतरची आहे, तुमच्यासारख्या 55 ते 60 मधल्या रिटायर माणसाला ती मिळते पण रिटायरमेंटचे पैसे हातात पडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडलं तरच. डेपोतून किंवा विभागीय कार्यालयातून रिटायरमेंटची तारीख, मिळालेली रक्कम आणि ती कधी मिळाली याचं सर्टिफिकेट घ्या, पोस्टात ते मागतात. गाडीचा विचार करत बसलात आणि ही मुदत गेली तर साठीपर्यंत थांबावं लागेल, आणि तेव्हा दर काय असेल हे कुणाच्या हातात नाही. आज उघडलं तर आजचा दर पाच वर्षं पक्का.

24 चे दोन भाग करा, 14 लाख पोस्टात आणि 10 लाख बँकेत. या खात्यातून मधेच थोडे पैसे काढता येत नाहीत, मोडायचं तर अख्खं खातं मोडावं लागतं, म्हणून दोन. दोन वर्षांनंतर खातं बंद केलं तर एक टक्का कापतात, म्हणजे 10 लाखावर 10 हजार. तुमचा निर्णय दोन वर्षं पुढं ढकलायची किंमत एवढीच आहे. आज गाडी घेऊन दोन वर्षांनी विकायची वेळ आली तर नुकसान लाखांत असतं.

राहिलेल्या सात लाखातले दोन बँकेत एफडी, अडीअडचणीला, त्याला हात लावायचा नाही. पाच लाख फिरण्याचे. हो, पाच. वेगळ्या खात्यात ठेवा आणि वर्षाला 80-85 हजार बिनधास्त खर्च करा, सहा वर्षं पुरतात. 58 ते 65 हीच वर्षं आहेत ज्यात तुमचे गुडघे आणि काकूंची साखर दोन्ही साथ देतील, हे पैसे वाचवून ठेवण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

एकच, निघण्याआधी दोघांची हेल्थ पॉलिसी. महात्मा फुले योजना आहे पण ती मुख्यतः आपल्या राज्यातल्या दवाखान्यांसाठी, मदुराईत काकूंना ॲडमिट करायची वेळ आली तर तिचा उपयोग नाही, आणि केंद्राचं आयुष्मान वय वंदना कार्ड 70 नंतरच मिळतं. पॉलिसी घेताना शुगर लपवू नका, जुन्या आजाराचा वेटिंग पीरियड जास्तीत जास्त तीन वर्षं असतो, म्हणून आज घेतली तर साठी-एकसष्टीत तो संपतो. 2025 च्या सप्टेंबरापासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी पण गेलाय. दोघांना 40-45 हजार प्रीमियम धरून चाला, तो शेतीच्या 70 हजारातून.

आता गाडीत झोपायचंच मनात असेल, आणि ते असावं, त्यात मजा आहेच, तर तुमच्या दारात मारुतीची ईको व्हॅन उभी आहे. मागं काढता-घालता येणारा प्लायवूडचा पाट, चार इंची गादी, खिडक्यांना जाळी, एक छोटा पंखा, सुताराकडून 20-25 हजारात होतं, गाडीला कायमचं काही ठोकायचं नाही म्हणजे आरटीओचा प्रश्न येत नाही. पाच किलोचा छोटा सिलिंडर ठेवा पण शेगडी बाहेर पेटवा, काच लावून आत कधीच नाही. डिसेंबरात नळदुर्ग, पैठण, म्हैसमाळ असं जवळपास करून बघा. तीन रात्री गाडीत, चौथी लॉजवर, अंघोळ आणि पाठीसाठी. कॅम्पवर फोन करताना गेट किती वाजता बंद होतं, संडास रात्री उघडा असतो का, जागा सपाट आहे का, एवढं विचारून घ्या.

कन्याकुमारीला मोठी व्हॅन पाहिजे तर भाड्यानं घ्या. तुम्हीच लिहिलंय की दिवसाला सात हजार सांगितले. दहा दिवसांचे 70 हजार, त्या वर्षाचं फिरण्याचं बजेट जवळजवळ त्यातच जाईल, डिझेलला (साडेतीन हजार किमी, लिटरला दहा किमी, 90 चा भाव, म्हणजे साडे एकतीस हजार) पुढच्या वर्षातले थोडे उचलावे लागतील, चालेल. 21 लाखाच्या नुसत्या एका वर्षाच्या व्याजात अशी गाडी 24 दिवस मिळते, आणि परत आल्यावर ती धुवायची, लावायची, विकायची जबाबदारी तुमची नाही.

दोन हिवाळे असे काढा. दोन्ही वर्षं मिळून शंभरच्या वर रात्री गाडीत गेल्या, काकूंनाच घरी करमेना झालं, तर ते बँकेतलं 10 लाखाचं खातं मोडून सेकंडहँड गाडीचा विचार करू, तेव्हा माझी ना नसेल. त्या खात्याचं व्याज बंद झाल्यावर महिन्याला 6,833 कमी पडतील, त्याची सोय मात्र आधी मांडून मग.

आत्ता मला एवढंच कळवा की पीएफचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे नेमके कोणत्या तारखेला जमा झाले. पासबुकाच्या त्या पानाचा फोटो पाठवला तरी चालेल, खाते नंबर झाकून.