चेकसम आता चालू करता येईल का?

प्रश्न : इतवारीत आमचं धान्याचं ठोक दुकान आहे. हिशेब पोस्टग्रेस १४ या डेटाबेसवर. मे महिन्यात वीज गेली, इन्व्हर्टरही बसला. तेव्हापासून डेटा खराब झाल्याची धाकधूक आहे. चेकसम बंद दिसतो. आता चालू होईल का? – एक वाचक, इतवारी

उत्तर : होईल भाऊ, पण आजच नको. पोस्टग्रेस डेटा ८ केबीच्या पानांत ठेवतो. चेकसम असला की पान डिस्कवर जाताना त्याचा एक आकडा काढून पानातच टाकतो, आणि डिस्कवरून वाचताना ताडून पाहतो. तुमच्या पोत्यावरच्या वजनाच्या चिठ्ठीसारखंच. चिठ्ठीमुळे पोतं फाटल्याचं कळतं, सांडलेली तूरडाळ परत येत नाही. त्यासाठी बॅकअपच हवा.

गोम अशी की, आज चेकसम चालू केला तर पानात जे आहे त्याचाच आकडा निघेल. पान आधीच बिघडलेलं असेल, तर बिघाडालाच शिक्का! मी एकदा हेच करून बसलो होतो, वर मालकाला ‘सगळं ठीक’ही सांगितलं. म्हणून आधी पीजी_डंप (सगळा डेटा फाइलमध्ये काढणारं साधन) चालवून डंप पूर्ण निघतो का बघा आणि तो दुसऱ्या मशीनवर उतरवून पाहा. इंडेक्स, म्हणजे डेटा पटकन शोधायच्या सूची, तपासायला अ‍ॅमचेक हे साधन वापरा.

मग रविवारी सर्व्हर नीट बंद करून पीजी_चेकसम्स या साधनाने चेकसम चालू करा. ही सोय आवृत्ती १२ पासून आहे. मधेच वीज गेली तर चेकसम बंदच राहतो, पुन्हा पहिल्यापासून चालवायचं. आवृत्ती १८ मध्ये नवा क्लस्टर (एका सर्व्हरवरच्या डेटाबेसांचा संच) चेकसमसहच बनतो.

आणि इन्व्हर्टरची बॅटरी बदला हो, नागपूरचा उन्हाळा आहे.