पीएचडीच्या ३ महिन्यांच्या परदेश भेटीत जुन्या काळातल्या समुद्रबर्फाचं काम करायचंय. किती नमुने न्यावेत आणि तयारी काय करावी?

तुमचा प्रश्न असा आहे: गोव्यात पीएचडीचं तिसरं वर्ष, दक्षिण महासागराच्या तळातून काढलेला गाळाचा साडेतीन मीटरचा एक कोअर (उभा दंडगोल) हाताशी, जर्मनीत ब्रेमरहाफेनच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेत ९० दिवस जायचंय, आणि तेवढ्यात २०० नमुन्यांवर समुद्रबर्फाचे बायोमार्कर (जीवांनी मागे ठेवलेले खुणेचे रेणू) मोजून आणायचेत. २०० होणार नाहीत. ७० ते ८० धरा, आणि त्याआधी ५ नमुने चाचणीसाठी पाठवा. का, ते सांगतो.

आधी चाचणीचं. तुम्ही शोधताय तो आयपीएसओ-२५ हा २५ कार्बनचा रेणू. आर्क्टिकमध्ये वापरतात तो आयपी-२५ त्याचाच भाऊबंद. आयपी-२५वरचा पहिला शोधनिबंध २००७चा. आयपीएसओ-२५ हे अंटार्क्टिककडचं नाव २०१६मध्ये रूढ झालं. आयपीएसओ-२५ बनवणारा ओळखीचा डायटम (सिलिकाच्या कवचाचं सूक्ष्म शैवाल) म्हणजे बर्कलेया अ‍ॅडेलिएन्सिस, आणि तो मुख्यतः किनाऱ्याजवळच्या बर्फात राहतो. म्हणजे किनाऱ्यालगतच्या गाळात संकेत जोरकस, खुल्या समुद्राकडे जावं तसा क्षीण. तुमचा कोअर आजच्या हिवाळी बर्फाच्या सीमेच्या बराच उत्तरेला असेल, तर गेल्या ११-१२ हजार वर्षांच्या भागात काहीच सापडणार नाही, अशी चांगलीच शक्यता आहे. शेवटच्या हिमयुगाच्या कळसाला हिंदी आणि अटलांटिक बाजूला हिवाळी बर्फ आजच्यापेक्षा ७ ते १० अक्षांश उत्तरेपर्यंत पोचला होता, त्यामुळे त्या थरांत मिळू शकतो. म्हणून ५ नमुने असे निवडा: २ हिमयुगाचे, २ अलीकडचे, १ मधल्या संक्रमणाचा. यजमान प्रयोगशाळेला हे काम आठवड्याभराचं आहे. निकाल शून्य आला तर प्रस्ताव बदलायला वेळ राहतो. तिथे पोचल्यावर चौथ्या आठवड्यात शून्य आला तर फेलोशिपही गेली आणि वर्षही.

आता हिशेब. एका खेपेत १२ नळ्या बसतात असं धरा: १० नमुने, १ कोरी नळी, १ आधी मोजलेला संदर्भ गाळ. कोरी नळी वाचवून अकरावा नमुना बसवायचा मोह होतो. तो टाळा, कारण प्रदूषण कुठून आलं हे तीच सांगते. प्रत्येक नळीत फ्रीझ ड्राय करून बारीक केलेला ३ ते ५ ग्रॅम गाळ, त्यात अंतर्गत मानकं (ठरावीक मात्रेत घातलेले ओळखीचे रेणू), मग डायक्लोरोमिथेन आणि मिथेनॉल २:१ प्रमाणात. अल्ट्रासॉनिक, सेंट्रिफ्यूज, वरचा द्रव काढणं, हे तीनदा. दुसऱ्या दिवशी सिलिका जेलचा स्तंभ: हेक्झेनने हायड्रोकार्बन उतरवायचे, मग इथाइल अ‍ॅसिटेट मिसळलेल्या हेक्झेनने स्टेरॉल. स्टेरॉलना बीएसटीएफए (यंत्रात वाफ होऊ शकेल असं रूप देणारं रसायन) देऊन गरम करायचं आणि मग जीसी-एमएस, म्हणजे रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र. नवख्या हाताला आठवड्याला दोन खेपा खूप झाल्या. पहिले दोन आठवडे सुरक्षा प्रशिक्षण, किल्ल्या आणि शिकण्यात जातात, शेवटचे दोन पुन्हा चालवायच्या नमुन्यांत. उरले आठ-नऊ आठवडे, म्हणजे कागदावर १६० ते १८०. पण यंत्र सामायिक असतं, आयन सोर्स साफ करायला बंद होतं, आणि दुसऱ्या कुणाची पाळी असते. निम्म्याहून थोडे कमी धरा, म्हणजे ७० ते ८०. मे महिना निवडत असाल तर त्याहून कमी; जर्मनीत तेव्हा सुट्ट्यांचा सुकाळ असतो.

साडेतीन मीटरला दर ५ सेंटीमीटरला एक नमुना म्हणजे ७०. माझं मत: तेही सरळ वरून खाली करू नका. आधी दर १० सेंटीमीटरचे ३५ करा, आलेख काढा, आणि जिथे वळण दिसतं तिथे मधले भरा. गाळ साठायचा वेग हजार वर्षांना २० सेंटीमीटर असेल तर १ सेंटीमीटरचा काप ५० वर्षांचा. दशकागणिक बदल दाखवू, असं प्रस्तावात लिहू नका. परीक्षकांना भागाकार येतो.

घरी होण्यासारखं सगळं घरीच उरकून जा. सुकवणं, वजनं, सेंद्रिय कार्बनचं प्रमाण आणि डायटमची मोजणी यांसाठी युरोप कशाला? डायटमसाठी ०.१ ते ०.२ ग्रॅम सुका गाळ, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रोक्लोरिक आम्ल, मग पाणी उदासीन होईपर्यंत धुणं आणि १००० पट वर्धनाखाली किमान ४०० कवचं. किटोसेरॉस या डायटमचे बीजाणू वेगळे मोजा, नाहीतर बाकी सगळ्यांची टक्केवारी दबते. फ्रॅजिलेरिऑप्सिस कर्टा आणि सिलिंड्रस हे बर्फाशी जोडलेले डायटम मिळून ३ टक्क्यांच्या वर असतील तर तिथे हिवाळ्यात बर्फ होता, असा रूढ निकष आहे. १ ते ३ टक्के म्हणजे हिवाळी बर्फाची सरासरी सीमा आणि कमाल सीमा यांच्या मधला पट्टा. ही मोजणी हातात असली की बायोमार्करचा आकडा कशाशी ताडून पाहायचा हे कळतं. नुसत्या आयपीएसओ-२५वर प्रबंधाचं प्रकरण उभं करणं धोक्याचं. रेणू सापडला नाही याचा अर्थ बर्फ नव्हता असा असू शकतो, किंवा बारमाही इतका जाड होता की खाली उजेडच पोचला नाही, असाही. म्हणून खुल्या पाण्यातला एखादा स्टेरॉल किंवा तीन दुहेरी बंध असलेला त्याच कुळातला रेणू सोबत मोजतात आणि गुणोत्तर काढतात. त्यातला समतोल गुणक तुमच्याच कोअरच्या सरासरीवरून येतो. तेव्हा ५० नमुन्यांवर काढलेला निर्देशांक ७० झाल्यावर बदलतो. अर्धवट आकडे परिषदेत दाखवताना हे ध्यानात असू द्या.

कालमापनही जाण्याआधी. अंटार्क्टिकच्या गाळात चुनखडी कवचं विरघळून जातात, कार्बन-१४साठी पुरेसे फोरामिनिफेरा (चुन्याच्या कवचाचे सूक्ष्मजीव) मिळत नाहीत. ब्रेमरहाफेनच्या मिकाडास या कार्बन-१४ मोजणाऱ्या यंत्रावर १ मिलिग्रॅमहून कमी कार्बोनेटवरही काम होतं, म्हणून वाटीत उरलेले निओग्लोबोक्वाड्रिना पॅकिडर्मा या फोरामिनिफेराची मोजकी कवचं फेकू नका. आणखी एक मेख: मरीन-२० हा कार्बन-१४च्या वयाचं खऱ्या वर्षांत रूपांतर करणारा सागरी वक्र ध्रुवीय समुद्रांसाठी नाही, असं तो तयार करणाऱ्यांनीच म्हटलंय, आणि त्याचं कारण समुद्रबर्फच: बर्फाच्या झाकणामुळे हवा आणि पाण्यातली कार्बनची देवाणघेवाण बदलते. सॉफ्टवेअर मात्र निमूटपणे तारीख काढून देतं. ही मर्यादा प्रबंधात लिहावी लागेल.

नमुने कुठून कसे बिघडतात हे बहुतेकांना तिथे गेल्यावर कळतं. प्लास्टिकच्या पिशवीतून थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) येतात आणि क्रोमॅटोग्राममध्ये, म्हणजे यंत्राच्या आलेखात, टेकड्या उभ्या राहतात. नमुने ४५० अंशांवर भाजलेल्या काचेच्या व्हायलमध्ये भरा, झाकणाखाली अ‍ॅल्युमिनियम फॉइल. दुहेरी बंधांचे हे रेणू उजेडाने आणि हवेने खराब होतात, म्हणून उणे २० अंश आणि अंधार. कोअर वर्षानुवर्षं ४ अंशांवर ओला पडून असेल, तर मूल्यं घटलेली असू शकतात. साठवणीचा इतिहास लिहून न्या. सागर कन्या या भारतीय संशोधन जहाजाच्या २००४च्या मोहिमेइतका जुना कोअर असेल तर हे विशेष लागू. नायट्रोजनखाली अर्क पार कोरडा केला तर हायड्रोकार्बन उडून जातात, थेंबभर ठेवा. गाळात गंधक असेल तर सक्रिय केलेले तांब्याचे तुकडे टाका. मानकाच्या बाटलीतलं हेक्झेन हळूहळू उडतं आणि मानक दाट होतं; बाटली दर खेपेला तोला, नाहीतर आठव्या आठवड्यातले आकडे पहिल्याशी जुळणार नाहीत. आर्क्टिकचे नमुनेही करणार असाल तर आयपी-२५ ज्यावरून मोजतात त्या ३५० वस्तुमानाच्या आयनाकडे नीट बघा: त्याचाच दोन दुहेरी बंधांचा भाऊबंद, ३४८ वस्तुमानाचा रेणू, भरपूर असला की त्याच्या जड समस्थानिकांचं शिखर ३५०वर, जवळजवळ त्याच वेळेला येतं. नसलेला आयपी-२५ असा दिसतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. शेंगेन व्हिसा म्हणजे कुठल्याही १८० दिवसांत ९०, आणि येण्याजाण्याचे दिवसही त्यात धरले जातात. एप्रिलमध्ये व्हिएन्नाच्या भूविज्ञान परिषदेला गेला असाल तर ते दिवस वजा. एक दिवसही जास्त राहायचं असेल तर राष्ट्रीय व्हिसा इथूनच काढा. पैशासाठी डाड या जर्मन विनिमय संस्थेची संशोधनवृत्ती, स्कार या अंटार्क्टिक संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय समितीची फेलोशिप आणि पोगो-स्कोर ही सागरविज्ञानाची फेलोशिप बघा. तिन्हींना यजमानांचं पत्र लागतं, आणि पत्रात यंत्राचे दिवस आणि सॉल्व्हंटचा खर्च कोण करणार हे लिहिलेलं असलं तर अर्ज वजनदार होतो. विद्यापीठाकडून ड्युटी लीव्ह आणि त्या काळात स्टायपेंड चालू राहील हे लेखी घ्या. तोंडी होकारावर विमानात बसू नका.

गाळ पाठवताना खोक्यात दोन पत्रं हवीत: तुमच्या संस्थेचा नमुना हस्तांतरण करार, आणि यजमानांचं पत्र की हा सुकवलेला, निर्जीव, सागरी गाळ आहे, व्यापारी किंमत नाही. शेतातल्या मातीच्या आयातीवर युरोपात बंदी आहे आणि सीमाशुल्कवाल्याला भुकटी बघून फरक कळत नाही. निम्मा गाळ गोव्यातच ठेवा, कुरिअर हरवतं.

परतताना हेक्झेनमधले अर्क विमानात नेता येत नाहीत. ते तिथल्याच फ्रीझरमध्ये, तुमच्या नावाने आणि किती वर्षं ठेवणार या लेखी नोंदीसह सोडा. जीसी-एमएसच्या मूळ फाइल्स खुल्या स्वरूपात बदलून दोन ठिकाणी उतरवून घ्या, कारण त्या यंत्राचं सॉफ्टवेअर गोव्यात तुमच्याकडे नसेल आणि शिखरं पुन्हा मोजायची वेळ हटकून येते.