नवी युक्ती आठच दिवस का टिकते?

“ताई, नवीन काही सुरू केलं की आठवडाभर मी झपाटल्यासारखी करते. मग एक दिवस चुकतो आणि सगळंच बंद. मी आळशीच आहे का हो?”

एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि चंचलता आवरणं जड जाणारी मेंदूची जडणघडण, असलेली मोठी माणसं हा प्रश्न या ना त्या रूपात विचारतातच. इंदूरच्या एका मराठी घरातल्या सुनेच्या निमित्ताने त्याचं उत्तर देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय 36, खासगी कंपनीत हिशेबाचं काम. मुलाला एडीएचडी असल्याचं कळलं, तेव्हा डॉक्टरांच्या प्रश्नावलीतलं प्रत्येक वाक्य तिला स्वतःबद्दलचं वाटलं. असं पुष्कळदा होतं. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, आणि वर्गात दंगा न करता खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या मुलींकडे लहानपणी कुणाचं लक्ष जात नाही. निदान करणं माझं काम नव्हे, म्हणून तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. मोठ्या वयात निदान करतानाही बारा वर्षांच्या आधीपासून लक्षणं होती का, हे पाहतात. तिच्या आईने देवासहून जुनी प्रगतिपुस्तकं शोधून पाठवली. सलग तीन वर्षं शेरा एकच: ‘हुशार आहे, पण लक्ष नसते.’ थायरॉइड, झोप, रक्त सगळं तपासून मग डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध सुरू केलं.

ऑफिसात चांगला फरक पडला. घरी तिचं संध्याकाळचं ओरडणं मात्र तसंच राहिलं. सकाळच्या गोळीचा परिणाम संध्याकाळपर्यंत ओसरतो आणि घर नेमकं तेव्हाच गजबजतं.

एकदा तिने पिशवीतून पाच डायऱ्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. प्रत्येकीची पहिली आठ-दहा पानं तीन रंगांच्या पेनांनी सजवलेली, पुढे सगळी कोरी. तिला त्यांची इतकी लाज वाटत होती की मलाच गलबलून आलं. म्हटलं, या राहू द्या बाजूला. आठवडाभर एवढंच टिपा, ओरडण्याच्या आधी आजूबाजूला काय काय चालू होतं?

तिने लिहून आणलं ते असं. कुकरच्या शिट्ट्या, चटणीचा मिक्सर, हॉलमध्ये टीव्ही, सोसायटीच्या ग्रुपवरची टुणटुण, आणि मुलगा मागून कमरेला लोंबकळतोय. स्फोट व्हायच्या बराच आधी तिचे दात आवळले जायचे आणि मुलाच्या वहीतली एकच ओळ दोनदा वाचावी लागायची.

आवाज, प्रकाश, स्पर्श असह्य होणं हा एडीएचडीच्या निदानाचा निकष नाही, पण त्रास अनेकांना असतो. नको ते आवाज मागे सारायला मेंदूला मेहनत पडते. डायरी उघडायला, उद्याचं ठरवायला, मुलाशी धीराने बोलायलाही तीच ताकद लागते. ती आधीच खर्च झालेली असेल तर डायरी बंद पडणारच. त्यात नवेपणाचा उत्साह ओसरला की या मेंदूला ते काम आणखी जड जातं. याला आळस म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून आधी गोंगाट कमी केला. चटणी सकाळीच वाटायची. फोन सात ते नऊ मूक. दात आवळले गेले की गॅस बंद करून दहा मिनिटं गच्चीवर जायचं. हे शेवटचं सासूबाईंना पटेना. “आमच्या वेळी असलं काही नव्हतं,” त्या म्हणाल्या. मी त्यांना भेटायला बोलावलं. बोलता बोलता त्याच म्हणाल्या, “यांनाही लग्नाच्या मांडवात थांबवत नसे, बाहेर चकरा मारत बसायचे.” यजमानांची ती आठवण निघाल्यावर पुढे मला फारसं समजवावं लागलं नाही. त्या वेळेपुरता टीव्हीही बंद राहू लागला.

कानात घालायचे फोमचे बोळे तिला फार आवडले, पण ते दिवसभर घालू नका, असं मी बजावलं. सतत कान झाकले की साधे आवाजही जास्त टोचू लागतात. मिक्सर, वरात, मांडव, एवढ्यापुरते ठीक. तिला सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात जायचं असतं, भुट्ट्याचा कीस तिचा जीव की प्राण. मग शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी जायचं, खाऊन लगेच निघायचं. आवडत्या गोष्टीच सोडून द्याव्यात, हा उपाय मला मान्य नाही.

डायरीऐवजी ओट्याजवळच्या कालनिर्णयावर रोज फक्त तीन कामं. तेही कधीतरी बंद पडणार, हे आम्ही आधीच धरून चाललो. रविवारी नवऱ्याने नुसतं विचारायचं, “काय बंद पडलंय?” मागचं भरून काढायचं नाही, आजच्या चौकोनापासून लिहायचं. अगदी वाईट दिवसासाठी वेगळा नियम ठरला: रात्री खिचडी, डब्यात पोहे, मुलाचा अभ्यास बाबांकडे. चांगल्या दिवसाच्या जोशात आखलेलं वेळापत्रक वाईट दिवशी मोडतं, म्हणून वाईट दिवस आधी आखावा लागतो.

मध्यंतरी नणंदेच्या लग्नात तीन आठवडे कालनिर्णय कोराच राहिला. तिचा फोन आला. मला वाटलं रडेल, पण तिने विचारलं, “ताई, तीन कामं जड जातायत. एकच लिहिलं तर चालेल का?”

चालेल, म्हटलं. एकच लिहा.