स्वतःची शैली अजून सापडली नाही, तर घाई करू नका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तीन वर्षं ग्राफिक डिझाइन करताय, मुलाखतीत पोर्टफोलिओ चाळून कोणीतरी म्हणालं की यात तुमचा ठसा दिसत नाही, आणि आता एखादी शैली ठरवून तीच धरावी का, असं तुम्ही विचारताय. मला या कामात ३४ वर्षं झाली. माझं स्पष्ट मत आहे: धरू नका.

मी शिकले तेव्हा टाइपसेटिंगचे ब्रोमाइड, म्हणजे फोटोच्या कागदावर उमटवलेला मजकूर, यायचे. ते कटरने कापायचे, रबर सोल्युशन लावून ओळीत बसवायचे. शिरोरेषा केसभर सरकली तरी शब्द लंगडा दिसे. दोन अक्षरांमधलं अंतर पट्टीने मोजून बरोबर येत नाही, ते डोळ्यानेच ठरवावं लागतं, हे मला त्या कापाकापीत कळलं. पुढे कॉम्प्युटर आला, आणि तुम्ही जे करू पाहताय नेमकं तेच मी केलं. जाडजूड काळी अक्षरं, फाटक्या कागदाच्या कडा, एक लाल पट्टा. काम बघून लोक माझं नाव ओळखायचे, त्याचा मला अभिमान होता. मग एका रुग्णालयाने लहान मुलांच्या विभागासाठी माहितीपुस्तिका करायला दिली. मी तिथेही तेच लावलं. तिथल्या सिस्टरनी पानं उलटली आणि शांतपणे विचारलं, "हे ऑपरेशनच्या आदल्या रात्री मुलाच्या हातात द्यायचं ना?" मी सगळं रद्द करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

त्याच सुमारास मिल्टन ग्लेझर या अमेरिकन डिझायनरचं काम मी क्रमाने पाहायला लागले. १९२९ साली न्यूयॉर्कमध्ये जन्म, २०२० साली तिथेच मृत्यू, आणि उतारवयातही हातात काम. तरुणपणी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ते इटलीत बोलोन्याला गेले, तिथे जॉर्जो मोरांदी या इटालियन चित्रकाराकडे एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापण्याची कला, शिकले. मोरांदींनी आयुष्यभर मुख्यतः बाटल्या, फुलदाण्या, डबे रंगवले. शिष्याने उलटी वाट धरली. १९५४ साली सेमूर क्वास्ट वगैरे मित्रांबरोबर त्यांनी पुश पिन स्टुडिओ काढला. स्विस पद्धतीच्या आखीव ग्रिडचा आणि साध्या, बिनटोकांच्या अक्षरांचा जोर वाढत होता त्या काळात हे लोक एकोणिसाव्या शतकातल्या व्हिक्टोरियन छपाईपासून वळणदार, वेलींसारख्या रेषांच्या आर्ट नूवो शैलीपर्यंत जुनं जे उपयोगी पडेल ते उचलत होते. माझ्या मते ग्लेझरनी गुरूकडून बाटल्या घेतल्या नाहीत, टक लावून पाहण्याची सवय घेतली. ती त्यांना शेवटपर्यंत पुरली.

ग्लेझरनी केलेलं अमेरिकन गायक बॉब डिलन यांचं १९६६ सालचं पोस्टर शोधून पाहा. चेहरा म्हणजे बाजूने दिसणारी निव्वळ काळी आकृती, आणि केसांत रंगांचे वळसे. त्या काळ्या आकृतीमागे मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलावंताने स्वतःचीच केलेली छायाकृती आहे, रंगीत केसांमागे इस्लामी चित्रकलेतले आकार आहेत. खालच्या नावाचं अक्षरवळण तर मेक्सिको सिटीतल्या एका शिंप्याच्या हाताने रंगवलेल्या पाटीवरून सुचलेलं. तीन ठिकाणचं सामान, तरी पोस्टर एकजीव. हे उसनं घेणं आहे का? आहेच. पण शिंप्याच्या पाटीसमोर थांबून तिचं अक्षर मनात साठवणारा माणूस आणि शेवटच्या क्षणी इंटरनेटवर 'प्रेरणा' शोधणारा माणूस यांत मला फार अंतर दिसतं.

त्यांचं सर्वांत प्रसिद्ध काम म्हणजे आय, लाल बदाम, एन, वाय, अर्थात 'आय लव्ह न्यूयॉर्क' हे चिन्ह. न्यूयॉर्क राज्याच्या १९७७ सालच्या पर्यटन मोहिमेसाठी केलेलं, मानधन न घेता. त्यांनी आधी दिलेलं वेगळं डिझाइन मंजूर झालं होतं. त्यानंतर टॅक्सीत मागे बसलेले असताना लिफाफ्याच्या तुकड्यावर लाल क्रेयॉनने हे उमटलं, आणि त्यांनी संबंधितांना फोन करून पुन्हा भेट मागितली. तो तुकडा आता न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. सगळे टॅक्सीचीच गोष्ट सांगतात. मला मात्र मंजुरीनंतरचे दिवस जास्त मोलाचे वाटतात. काम मंजूर झालं की आपण फाइल बंद करतो, त्यांच्या डोक्यातून प्रश्न गेलेलाच नव्हता.

आता तुमच्या पोर्टफोलिओबद्दल. वीस सुटी कामं लावण्यापेक्षा चार ठेवा, आणि प्रत्येकाची अडचण काय होती, पहिली स्केचेस कशी होती, कोणते पर्याय नाकारले आणि का, हे दाखवा. मी माणसं निवडते तेव्हा नाकारलेले पर्याय आधी बघते, कारण विचार तिथे उघडा पडतो. रोज अर्धा तास हाताने काढा. आठवडाभर एकच वस्तू, वेगवेगळ्या उजेडात. मराठी शीर्षक करायचं असेल तर फॉन्टची यादी उघडण्याआधी ते पेन्सिलने दहा वेळा लिहा. वेलांटीला किती उंची हवी, रफार कुठे टोचतो, जोडाक्षर खाली किती उतरतं, हे हाताला आधी कळतं.

त्या रुग्णालयाची पुस्तिका मी शेवटी मऊ पेन्सिलीच्या रेषांत केली, अक्षरं गोलसर आणि मोठी, पानावर भरपूर मोकळी जागा. माझं नाव त्यावरून कोणी ओळखलं नसतं. माझ्या पोर्टफोलिओत आजही ती पहिल्या पानावर आहे, आणि मुलाखतीत मी सर्वांत जास्त वेळ तिच्याबद्दलच बोलले आहे.